शिवणीतली माया

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात नवरीचा एक पांढरा पोशाख जपून ठेवला आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये जपानवर बॉम्बफेक करून परतणाऱ्या बी-२९ विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि वैमानिकाने पॅराशूट घेऊन उडी मारली. सुटकेची वाट पाहताना त्याने तेच उशाला घेतलं, तेच पांघरलं. १९४७ मध्ये लग्नाची मागणी घालताना त्याने त्या पॅराशूटचं नायलॉन प्रेयसीपुढे ठेवलं : याचा पोशाख शिव.

पोशाखाचा वरचा भाग आणि डोक्यावरची जाळी गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिवली. घागरा नवरीने स्वतः शिवला. पॅराशूटच्या दोऱ्या तिने वर ओढून घेतल्या, तसा घेर पुढून आखूड झाला आणि मागे लांब सोगा रुळू लागला. पुढे तिची मुलगी आणि सून, दोघीही तोच पोशाख घालून लग्नाला उभ्या राहिल्या.

आज इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक नवऱ्यामुली १९४०च्या दशकाकडे वळतात. भरीव खांदे, आवळलेली कंबर, गुडघ्याखाली थांबणारा घेर, गडद लाल ओठ, कपाळावर वळवून बसवलेले केस. हे रूप देखणं आहेच. पण ते कशातून घडलं, हे कळल्यावर ते अधिक देखणं वाटतं.

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशन आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. एका लोकरी झग्यालाच ११ जात. दुसरं महायुद्ध संपता संपता हा वाटा आणखी घटला आणि रेशन उठलं ते थेट मार्च १९४९ मध्ये. सरकारी 'युटिलिटी' कपड्यांवर 'सीसी ४१' ही खूण असे. चुण्या किती, खिसे किती, बटणं किती, हेही नियमाने ठरलेलं. त्या काळातला सडपातळ, नेटका घाट म्हणजे वाचवलेल्या कापडाचा आकार आहे.

मग नवरीने काय करायचं? कोणी लग्नासाठी कोट-स्कर्ट शिवून घेई; तो उद्या कामावरही चाले. कोणी आईचा झगा उसवून पुन्हा बेतून घेई. लष्करी सेवेतल्या मुलींना लग्नाचे पोशाख उसने मिळावेत म्हणून लेखिका बार्बरा कार्टलंड यांनी ते जमवले. लग्नाच्या केकवर साखरेचा थर द्यायला बंदी होती, म्हणून छोट्याशा केकवर पुठ्ठ्याचं सजवलेलं आवरण भाड्याने आणून ठेवत. राजकन्या एलिझाबेथ यांनाही नोव्हेंबर १९४७ मधल्या लग्नासाठी कुपनं मोजावी लागली. देशभरातल्या बायकांनी त्यांना आपली कुपनं धाडली; दुसऱ्याची कुपनं वापरणं बेकायदा, म्हणून ती परत करावी लागली. नॉर्मन हार्टनेल यांनी तो झगा सुमारे १०,००० मोत्यांनी सजवला. मला मात्र त्या मोत्यांपेक्षा परत गेलेली कुपनंच जास्त मोलाची वाटतात.

याहून खोल गोष्ट आहे बर्गन-बेल्झनची. नाझी छळछावणीतून वाचलेल्या एका तरुणीला लग्नात पांढरा पोशाखच हवा होता. कॉफी आणि सिगारेटींच्या बदल्यात पॅराशूटचं कापड मिळालं, निर्वासित छावणीतल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीने ते शिवलं आणि १९४६ मध्ये तिचं लग्न झालं. त्यानंतर तिची बहीण, मग इतर मुली, एकीमागून एक तोच पोशाख घालून उभ्या राहिल्या. सगळं हिरावून घेतलेल्या बायकांनी एका झग्यातून पुन्हा संसार मांडले.

त्याच युद्धाची झळ आपल्याकडेही लागली होती. गिरण्यांवर लष्करी कापडाचा भार पडला, भाव भडकले आणि जून १९४३ मध्ये सरकारला सुती कापड व सुतावर नियंत्रण आणावं लागलं. टंचाईचं कौतुक करायचं नसतं. ती माणसांना पिळून काढते. कौतुक करायचं ते त्या टंचाईतही शोभा राखणाऱ्या हातांचं.

म्हणूनच जुन्या धाटणीचा, पण एकदाच घालायचा कोरा झगा विकत घेतला की त्या काळाचं चित्र हाती येतं, रीत हाती येत नाही. रीत हवी असेल तर आधी घरातलं कपाट उघडावं. आजीचा झगा, आईची जाळी, मावशीचा कोट बाहेर काढावा. लग्नानंतरही घालता येईल असं काहीतरी शिवावं. आणि शिंप्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी.

आपल्याकडे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. ती असली तर पोशाख उसवून दुसरीच्या अंगाला बेतता येतो. नसली तर तो पहिलीबरोबरच संपतो. नव्या नवरीने त्या काळातून आणखी काही घेतलं नाही तरी चालेल. शिवणीत माया तेवढी ठेवावी.