गळाची दोरी घेताना डबी नव्हे, डेनियर पाहा

भिवंडीत सूत, पीळ आणि डेनियर हे शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. कोणत्या कापडाला कोणता धागा चालेल, हे आपला कारागीर चिमटीत धागा धरून सांगतो. पण तोच कारागीर सुटीच्या दिवशी काशेळी, काल्हेर किंवा कोनच्या बाजूला खाडीवर गळ टाकायला निघाला की दुकानातली सर्वांत चकचकीत डबी उचलतो. गळाची दोरी हाही शेवटी धागाच आहे, आणि धाग्याचे सारे नियम तिला लागू आहेत, हे तो विसरतो.

हा विषय केवळ शौकाचा नाही. शौकिनाची दोरी तुटली तर त्याची संध्याकाळ वाया जाते. रत्नागिरी-राजापूर किनाऱ्यावरील आपल्या दालदी मच्छीमाराची दोरी तुटून सुरमई गेली, तर त्या दिवसाचे डिझेल त्याच्या अंगावर पडते. म्हणून ही दोरी विकणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोघांसाठी हा लेख आहे.

सणापासून नायलॉनपर्यंत

पूर्वी आपल्या किनाऱ्यावर जाळी आणि दोऱ्या कापूस व सणाच्या असत. त्या कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढाव्या लागत. प्रत्येक फेरीनंतर वाळवणे आलेच. १९३५ साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॅलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि पुढच्या काही दशकांत मासेमारीचा धंदाच बदलला. नायलॉन कुजत नाही, आणि वजनाच्या मानाने सुतापेक्षा कितीतरी मजबूत असते. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, तो नायलॉनचा एकसंध तार होय. जाळ्याच्या दोऱ्यात अनेक बारीक तंतू पिळलेले असतात. गठ्ठ्यावर २१०/२/३ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ २१० डेनियरचे २ धागे एका पदरात आणि असे ३ पदर, म्हणजे एकूण १२६० डेनियर.

डेनियरचा हिशेब

९००० मीटर धाग्याचे जितके ग्रॅम वजन, तितके त्याचे डेनियर. तंगुसाच्या डबीवर मात्र मिलिमीटरमध्ये जाडी लिहितात. ०.३० मिलिमीटरचा नायलॉन तार सुमारे ७२५ डेनियर भरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाडी दुप्पट झाली की वजन आणि ताकद दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून ०.३० ऐवजी ०.४० घेतली तर ताकद पावणेदोन पटींपेक्षा जास्त वाढते. एका पायरीचा फरक दिसतो लहान, पण असतो मोठा.

हाच हिशेब माल पारखण्यासही कामी येतो. अनेक स्वस्त डब्यांवर जाडी कमी आणि ताकद जास्त छापलेली असते. दोरी आहे त्यापेक्षा बारीक सांगितली की ती फार मजबूत भासते. अशा वेळी १०० मीटर दोरी मोजून सोनाराच्या काट्यावर टाकावी. नायलॉनची दोरी ०.३० ची असेल तर सुमारे ८ ग्रॅम, ०.४० ची १४ ग्रॅम आणि ०.५० ची २२ ग्रॅम भरेल. डबीवर ०.३० आणि काट्यावर ११ ग्रॅम आले, तर ती दोरी प्रत्यक्षात ०.३५ ची आहे. लांबीही तशीच तपासावी. कापडाच्या ताग्यात दोन मीटर कमी निघाले तर आपण व्यापाऱ्याला जाब विचारतो. मग इथे का विचारू नये?

दुसरी फसगत पौंड आणि किलोची. २० पौंडांची दोरी म्हणजे ९ किलोची, २० किलोची नव्हे. ताकद पाहायची तर दोरी रात्रभर पाण्यात भिजवून, गाठ मारून, स्प्रिंगच्या काट्याला ओढून पाहावी. नायलॉन पाणी पिते आणि ओले झाले की त्याची ताकद काहीशी घटते. गाठीतही घटते. पाण्यात दोरी ओलीच असते आणि तिला गाठही असतेच. म्हणून कोरड्या, बिनगाठीच्या ताकदीवर भरवसा ठेवू नये.

तीन जाती, तीन स्वभाव

नायलॉनचा तार ताणतो. मासा एकदम उसळला की हा ताण झटका पोटात घेतो, त्यामुळे नवख्या हाताला हीच दोरी बरी. ती स्वस्त आहे, घासही बऱ्यापैकी सोसते. दोष दोन. उन्हाने ती कमजोर होते आणि फिरकीवर फार दिवस राहिली की वेटोळी धरते. खिडकीच्या काचेत उन्हात टांगलेला माल दुकानदाराने विकू नये व ग्राहकाने घेऊ नये.

दुसरी विणलेली दोरी. ही खास जातीच्या पॉलिएथिलिनच्या तंतूंची गोफासारखी विणतात. १९९० च्या दशकात ती जगाच्या बाजारात पसरली. तेवढ्याच जाडीत ती नायलॉनच्या दुप्पट-तिप्पट ओझे घेते आणि जवळजवळ ताणत नाही, म्हणून खोल पाण्यात माशाने आमिषाला तोंड लावलेलेही बोटाला कळते. पण ती खडकावर आणि कालवांच्या धारेवर लवकर कापली जाते. गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवावी, साधी गाठ मारावी, उरलेला फास गळावरून उलटा घालून ओढावा. ही गाठ टिकते. ही दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. मोठा मासा ओढू लागला तर बोट कापले जाते.

तिसरी फ्लुरोकार्बनची. नायलॉनची घनता १.१४ तर हिची १.७८, म्हणून ही झटकन बुडते. पाणी पीत नाही आणि पाण्यात कमी दिसते. महाग असल्याने सबंध दोरी हिची घेण्याची गरज नसते. गळाजवळचा हात-दीड हात तुकडा पुरतो.

गाठ कोणतीही असो, आवळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी मरते.

जसे पाणी तशी दोरी

आपल्या खाडीचे पाणी गढूळ. इथे न दिसणाऱ्या दोरीवर पैसे घालणे व्यर्थ आहे. इथे शत्रू म्हणजे तिवरांची मुळे, कालवे आणि पुलांचे खांब. ०.५० ते ०.६० चे जाड नायलॉन घ्यावे. जिताडा मोठा होतो आणि त्याच्या कल्ल्याचे झाकण धारदार असते; गळाजवळचा तुकडा त्याहून जाड हवा. गोड्या पाण्यातील तळ्यात रोहू-कटल्यासाठी पाणी नितळ असेल तर ०.२५ ते ०.३५ पुरे. सुरमईचे दात कात्रीसारखे, तिथे गळाजवळ पोलादी तारच पाहिजे. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर विणलेल्या दोरीच्या टोकाला काही मीटर जाड नायलॉन जोडावे.

शिसे भरतीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, तिथे जड आणि चपटे शिसे घ्यावे. गोल शिसे गडगडत जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद असते, हलके चालते. कोळी बांधव तिथीचे पाऊणपट करून मुंबईची भरती काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. आपल्या चांदच्या तारखेत एक-दोन मिळवले की तिथी येते. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. आणि शिशाची गोळी दातांनी कधीही दाबू नये. शिसे विषारी आहे.

गळाचे नंबर आपल्या माणसाला चटकन समजतील. १ नंबरपर्यंत ते सुताच्या काउंटसारखे चालतात, आकडा मोठा तितका गळ बारीक. त्यापुढे १/०, २/०, ३/० हे डेनियरसारखे, आकडा मोठा तितका गळ मोठा. खाऱ्या पाण्यासाठी कल्हईचे गळ घ्यावेत, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवावेत.

दोन गोष्टी कायद्याच्या आणि माणुसकीच्या

महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. गोड्या पाण्याची बरीच धरणे-तलाव सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

दुसरी गोष्ट तुटलेल्या दोरीची. सण कुजत होता, नायलॉन कुजत नाही. ठाण्याची खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. टाकून दिलेल्या तंगुसात पक्ष्याचा पाय अडकला की तो उपाशी मरतो. गुंता झालेली दोरी किनाऱ्यावर न टाकता खिशात घालून घरी आणावी, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावी.

दुकानदार बंधूंना शेवटी एवढेच सांगणे आहे. ग्राहक आला की दोरीची किंमत सांगण्याआधी त्याला विचारा, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या माशासाठी? काउंटरवर एक छोटा काटा ठेवा आणि त्याच्यासमोर १०० मीटर तोलून दाखवा. माप चोख असले की ग्राहक पुन्हा येतो, हा कापडाच्या पेठेतला नियम गळाच्या दोरीलाही तितकाच लागू आहे.