सर्व्हर बंद पडतो तेव्हा कागद कुठे असतात?

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयातून मुख्य लिपिक बाई बोलत होत्या. "सर, काहीच उघडत नाहीये. बुधवारी कार्यकारिणीची सभा आहे आणि मागच्या सगळ्या सभांची इतिवृत्तं त्यातच आहेत." मी पोचलो तेव्हा जिन्याखालच्या खोलीत सर्व्हरचा पंखा नेहमीसारखा घोंघावत होता. एका रांगेत पाच डिस्क. तिघींसमोर हिरवा दिवा, दोघींसमोर पिवळा. त्यातला एक दिवा तीन आठवड्यांपासून पिवळाच आहे, असं शिपायाने सांगितलं. त्याने तेव्हाच वर कळवलं होतं, पण काम चालू होतं, म्हणून ते तसंच राहिलं.

एक डिस्क मेलेली असताना तीन आठवडे काम चाललं कसं? बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 साली एक निबंध मांडला. एक महागडी डिस्क घेण्याऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यातली एखादी जाणार हे गृहीत धरूनच माहिती लिहायची, अशी ती कल्पना. तिला 'रेड' म्हणतात. समजा, चार डिस्कवर एकाच जागी 1, 0, 1, 1 असे आकडे आहेत. त्यात एक किती वेळा आला ते मोजायचं. तीनदा, म्हणजे विषम. मग पाचवीवर 1 लिहायचा. सम असते तर 0. आता तिसरी डिस्क गेली. उरलेल्या तिघींवर एक दोनदा दिसतो, म्हणजे सम. पाचवी मात्र विषम सांगते. तेव्हा हरवलेला आकडा 1 च असला पाहिजे. शाळेतलं एका अज्ञाताचं समीकरण, बस. (प्रत्यक्षात ही खूण एकाच डिस्कवर न ठेवता पाळीपाळीने पाचही डिस्कवर ठेवतात.)

तीन आठवडे तो सर्व्हर मेलेल्या डिस्कवरचं काही लागलं की हे गणित करत होता. दुसरी डिस्क डळमळली आणि समीकरणात दोन अज्ञातं आली. एका समीकरणातून दोन अज्ञातं सुटत नाहीत. सर्व्हर थांबला तो बरोबरच थांबला.

या क्षणी खरी भीती असते ती माणसांच्या घाईची. "एकदा बंद करून चालू करू या" असं कुणीतरी म्हणतंच. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या पिवळ्या डिस्कला पुन्हा रांगेत घेणं. ती सुरू होईलही कदाचित, पण तिच्यावरची माहिती तीन आठवड्यांपूर्वीची. नव्या चार पट्ट्यांमध्ये जुनी पाचवी विणली, तर कापड दिसायला सलग दिसतं आणि आतून पार बिघडतं. म्हणून मी आधी सर्व्हर बंद केला, पाचही डिस्क बाहेर काढल्या आणि कागदी चिकटपट्टीवर शून्य ते चार असे आकडे लिहून एकेकीला लावले. हा क्रम चुकला की पुढचं सगळं फुकट. आजारी डिस्कवर थेट काम करायचं नाही, तिची हुबेहूब प्रत काढायची आणि जे काय कापायचं-जोडायचं ते प्रतीवर, हा या धंद्यातला पहिला नियम.

प्रत काढायला मी 'डीडीरेस्क्यू' नावाचं मोफत साधन वापरतो. साधी कॉपी पहिल्या खराब जागेवर अडून बसते आणि तिथेच डोकं आपटत राहते. मरणासन्न डिस्कचा उरलेला जीव त्यात जातो. डीडीरेस्क्यू अडलं की पुढे सरकतं, सहज मिळतं ते आधी गोळा करतं, काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतं आणि शेवटी त्या राहिलेल्या जागांकडे वळतं. ती दुसरी डिस्क रात्रभर वाचली जात होती. पहाटेपर्यंत नकाशात थोडे डाग उरले, बाकी सगळं उतरलं. पाचातल्या चार हाती आल्या, म्हणजे समीकरण सुटलं.

बाईंचा प्रश्न साहजिक होता: "मग आता फोल्डर कॉपी करून द्या ना."

तिथे फोल्डर नव्हतंच. संस्था वापरत होती शेअरपॉइंट, 2010 ची आवृत्ती. अनेकांनी मिळून एकाच कागदावर काम करायचं, कुणी काय बदललं याची नोंद राहायची, जुनी आवृत्ती हवी तेव्हा मागे जाऊन पाहायची, यासाठी अशी व्यवस्था असते. पडद्यावर फोल्डर दिसतात, फाइली दिसतात. डिस्कवर मात्र त्यांतलं काही नसतं. असतो तो एक अगडबंब डेटाबेस. शेअरपॉइंटची 2003 ची आवृत्ती आली तेव्हापासून कागद एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसच्या पोटात राहतात. हा डेटाबेस 8 केबीच्या पानांचा बनलेला असतो. 4 एमबीची एक वर्ड फाइल अशा पाचशेहून जास्त पानांवर पसरते आणि ती पानं शेजारीशेजारी असतीलच असं नाही. 2013 च्या आवृत्तीपासून तर फाइल साठवतानाच तिचे तुकडे करतात, म्हणजे एखादा परिच्छेद बदलला तर तेवढेच तुकडे नव्याने लिहावे लागतात.

एरवी हरवलेली फाइल तिच्या पहिल्या अक्षरांवरून हुडकता येते. आजच्या वर्ड फाइलच्या पोटात खरं तर झिप असते, आणि प्रत्येक झिप 'पी' आणि 'के' या दोन अक्षरांनी सुरू होते; झिपचे जनक फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. पेन ड्राइव्ह चुकून फॉरमॅट झाला, तर अशा खुणा शोधत निम्मं-अधिक परत मिळवता येतं. डेटाबेसच्या पोटात ही युक्ती लंगडी पडते. दर 8 केबीच्या पानाला सुरुवातीला 96 बाइटचं शीर्षक असतं. कागदाचं डोकं सापडतं, धड भलतीकडे. म्हणून डेटाबेस स्वतःच्या पायावर उभा राहणं हाच खरा मार्ग.

तो उभा कसा राहतो, हे समजून घ्यायला आपल्याकडच्या जुन्या हिशेबाची पद्धत चांगली उपयोगी पडते. दुकानदार व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि सवडीने खतावणीत चढवायचा. डेटाबेस अगदी हेच करतो. कुठलाही बदल आधी रोजकीर्दीत, म्हणजे लॉगमध्ये जातो. मूळ पानावर तो नंतर चढतो. मधेच वीज गेली तर खतावणी अर्धवट असते, पण कीर्द खरं सांगते. या कीर्दीवरून खतावणी पुन्हा जुळवण्याची जी रीत आज जगभर वापरली जाते, ती 1992 साली प्रसिद्ध झाली. 'एरीज' हे तिचं नाव. आणि तिचे प्रमुख शिल्पकार सी. मोहन हे आयआयटी मद्रासमधून शिकून आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या आल्मडेन केंद्रात गेलेले. या रीतीत तीन फेऱ्या असतात. पहिलीत कीर्द वाचून कोणते व्यवहार अर्धवट होते ते ठरवायचं. दुसरीत नोंदलेलं सगळं, अर्धवट व्यवहारांसकट, पुन्हा घडवायचं. तिसरीत अर्धवट होतं तेवढं उलट क्रमाने पुसायचं. जे पुढे पुसायचंच आहे ते आधी मुद्दाम घडवायचं, ही मधली पायरी मला आजही विलक्षण वाटते. त्यामुळे डेटाबेस आधी कोसळण्याच्या नेमक्या क्षणाला येऊन उभा राहतो आणि मग शांतपणे मागे सरतो. हे करताना पुन्हा वीज गेली तरी बिघडत नाही; परत पहिल्यापासून सुरू करायचं.

आमचा डेटाबेस मात्र पहिल्यांदा 'सस्पेक्ट' दाखवत होता. म्हणजे काही पानं वाचता येईनात. अशा वेळी एक आज्ञा हाताशी असते. तिचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर 'दुरुस्ती करा, माहिती गेली तरी चालेल' असं होतं. नावातच सगळं सांगितलंय. ती फाटलेली पानं शिवत नाही, कापून टाकते. ती मी प्रतीच्याही प्रतीवर चालवली, आणि त्याआधी वाचता येत होतं ते सगळं बाहेर काढून घेतलं.

बॅकअप नव्हता का? होता. रोज रात्री न चुकता होत होता, त्याच सर्व्हरवर, त्याच पाच डिस्कवर.

यावर संस्थेला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही, कारण गिटलॅबची गोष्ट माहीत आहे. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे मिळून काम करतात अशी ती सेवा. 31 जानेवारी 2017 च्या रात्री, बराच वेळ एका गडबडीशी झुंजणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायला आज्ञा दिली. ती दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलं होतं. बॅकअप आणि प्रतींची पाच वेगवेगळी तजवीज होती. त्यातली एकही भरवशाने कामी येईना. रोजचा बॅकअप ज्या डब्यात जायचा तो रिकामा निघाला, कारण बॅकअप घेणारं साधन 9.2 आवृत्तीचं आणि डेटाबेस 9.6 चा, साधन रोज नकार देत होतं. त्या नकाराचे ईमेलही रोज निघत होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्याने मेल सर्व्हर ते परत लावत होता. वाचवलं ते एका योगायोगाने: सुमारे सहा तास आधी त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी एक प्रत हाताने काढली होती. कंपनीने काही लपवलं नाही. दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण केलं, हजारो लोक ते बघत होते.

त्या घटनेत प्रोग्रॅमरांचा कोड सगळा शाबूत होता, तो वेगळ्या जागी होता. गेली ती सहा तासांतली त्याभोवतीची चर्चा: सुमारे 5,000 प्रकल्पांच्या नोंदी, 5,000 अभिप्राय, 700 नवी खाती. कोड परत मिळाला म्हणून कुणी 'काही गेलं नाही' असं म्हणालं नाही. कुणी, कधी, कशासाठी बदललं हे सांगणारी नोंद कागदाइतकीच मोलाची असते, आणि कागद वाचवण्याच्या धांदलीत तीच आधी सांडते.

मंगळवारी संध्याकाळी एका छोट्या प्रोग्रॅमने डेटाबेसमधून एकेक कागद त्याच्या फोल्डरच्या नावासकट बाहेर काढला. अकरा फाइली फाटक्या निघाल्या. इतिवृत्तं सगळी मिळाली, बाईंचा जीव भांड्यात पडला. पण प्रत्येक इतिवृत्तावर तारीख मंगळवारची होती आणि 'बदल करणारा' या जागी माझं नाव. बावीस वर्षांच्या सभा कागदोपत्री मीच एका संध्याकाळी लिहून काढल्यासारख्या.

म्हणून खरं स्थलांतर नंतर सावकाश केलं. कागद उचलून नेण्याऐवजी अख्खा डेटाबेसच नव्या सर्व्हरला जोडायचा. आवृत्त्या, नावं, तारखा त्याच्याबरोबर जातात. इथे पायऱ्या गाळता येत नाहीत. 2010 वरून थेट 2016 वर उडी घेता येत नाही, मधे 2013 चा मुक्काम करावाच लागतो. केवळ त्या मुक्कामासाठी आम्ही एक तात्पुरता सर्व्हर उभा केला, डेटाबेस त्यातून पार केला आणि मग तो सर्व्हर मोडला.

मग मराठी म्हणून ज्या अडचणी येतात त्या आल्या. 'क' हे एक अक्षर वेबच्या पत्त्यात लिहिताना नऊ चिन्हांचं होतं. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त अंतिम दुरुस्त' असं भरगच्च नाव चार फोल्डरांच्या आत असलं, की पत्ता कुठल्या कुठे पोचतो आणि स्थलांतराची साधनं ती फाइल गुपचूप वगळतात. 2008 पर्यंत युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर नव्हतं. लोक 'अ' वर चंद्र देऊन 'अॅ' लिहायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. 'अॅडमिशन' आणि 'ॲडमिशन' अशी एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी उभी होती, आणि शोधात एकच सापडत होतं. सगळ्यात जुने कागद युनिकोडच्या आधीच्या शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीच्या फॉन्टांतले. तो फॉन्ट नसेल तर ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. अशा फाइली बाइट न् बाइट सुखरूप आल्या होत्या आणि तरीही कुणाला वाचता येत नव्हत्या. त्यांच्यासाठी जुने फॉन्ट शोधून, एकेक तपासून, युनिकोडमध्ये आणावं लागलं. ते काम अजून संपलेलं नाही.

नवा सर्व्हर सुरू झाला त्या दिवशी बाईंनी एक ठराव उघडायला सांगितला. शिक्षकांच्या फरकाच्या रकमेचा. त्यातलं एक वाक्य नंतर घातलं गेलं की सभेतच मंजूर झालं होतं, यावरून वाद होता. आवृत्त्यांची यादी उघडली. पाच आवृत्त्या होत्या. तिसरीत ते वाक्य पहिल्यांदा दिसत होतं: सभेच्याच दिवशी, संध्याकाळी 6 वाजून 12 मिनिटांनी. 'बदल करणारा' या जागी बाईंच्या आधीच्या मुख्य लिपिकांचं नाव होतं. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती; त्यांचं खातं संस्थेने केव्हाच बंद केलं होतं. नाव मात्र डेटाबेसने जपून ठेवलं होतं.

बाईंनी ते पान छापून घेतलं आणि भोकं पाडून फायलीत लावलं.