शनिवार-रविवारची गाडी : फोक्सवॅगन कॅम्परचा मागोवा

१९५१ साली पश्चिम जर्मनीतील वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया कारखान्याने 'कॅम्पिंग बॉक्स' नावाचा फर्निचरचा एक संच विकायला काढला. उलगडली की बिछाना होणारी बैठक, कपडे-भांडी ठेवण्याचे कप्पे आणि छोटा स्टोव्ह एवढाच त्याचा पसारा. तो फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनमध्ये बसवता येई आणि काढूनही ठेवता येई. संचाची खरी हुशारी या काढता येण्यातच होती. सुतार, पाववाला किंवा रंगारी आठवडाभर त्याच गाडीतून माल वाहू शके आणि सुट्टी लागली की मालाच्या जागी संच चढवून कुटुंबासह बाहेर पडू शके. युद्धातून सावरणाऱ्या त्या देशात नुसत्या सहलींसाठी वेगळी गाडी बाळगणे फार थोड्यांच्या आवाक्यात होते. पुढच्या सत्तर वर्षांत गाडीचे हे दुहेरी आयुष्य हळूहळू संपत गेले आणि तिच्या देखभालीचे कामही मालकाच्या हातून सुटत गेले.

मूळ व्हॅनची कल्पना बेन पॉन या फोक्सवॅगनच्या डच आयातदाराची. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी बीटल मोटारीच्या सांगाड्यावर बनवलेली सपाट फळीची वाहने त्याने पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत पेटीसारख्या गाडीचे रेखाटन केले. चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सगळी जागा मालाला, अशी ती मांडणी होती. वहीचे ते पान आता ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. ८ मार्च १९५० रोजी गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले. १,१३१ घनसेंटिमीटरचे, २५ अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे बीटलचेच इंजिन तिच्यात होते आणि ती सुमारे ७५० किलो माल नेत असे.

हेच इंजिन घेऊन हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीने १९४९ मध्ये, म्हणजे फोक्सवॅगनच्याही आधी, मॅटाडोर नावाची व्हॅन बाजारात आणली होती. तीन वर्षांत फोक्सवॅगनने इंजिने देणे थांबवले आणि टेम्पोला दुसरीकडे वळावे लागले. याच टेम्पो कंपनीशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत बनलेली मॅटाडोर पुढे महाराष्ट्रभर शाळेच्या मुलांपासून भाजीपाल्यापर्यंत सगळे वाहत राहिली. या नात्याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

फोक्सवॅगनची गाडी आली तरी शनिवार-रविवार मोकळे असल्याशिवाय ती घेऊन जाणार कुठे? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीत आठवडा ४८ तासांचा होता आणि शनिवारीही कामावर जावे लागे. १९५६ च्या कामगार दिनी तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने 'शनिवारी बाबा माझे' असे लहान मुलाच्या तोंडी घातलेले भित्तिपत्रक काढले आणि पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी घरोघरी पोचवली. धातू उद्योगात ४० तासांचा आठवडा १९६७ मध्ये लागू झाला. याच वर्षी व्हॅनची दुसरी पिढी बाजारात आली. हा योगायोगच, पण कॅम्परचा सुवर्णकाळ त्यानंतरचा आहे, हा मात्र नुसता योगायोग म्हणता येत नाही. मोकळा शनिवार मिळाल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतण्याची सहल शक्य झाली.

सुरुवातीच्या सहली धीम्या होत. पहिल्या पिढीची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पोचे, आणि तेही वारा समोरून नसेल तर. आल्प्सच्या घाटात ती दुसऱ्या गिअरवर चढे आणि मागे मोटारींची रांग लागे. उत्तरेकडच्या लोकांनी उत्तर समुद्राचा किनारा, ल्युनेबुर्गचे माळरान आणि हार्त्सचे डोंगर जवळ केले. दक्षिणेकडचे बव्हेरियातल्या तळ्यांकाठी जात आणि लांबची सुट्टी असेल तर ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतल्या गार्डा तळ्यावर. गाडी जेमतेम सव्वाचार मीटर लांब असल्यामुळे ती गावातल्या गल्लीत शिरे आणि घरासमोर उभी राहू शके. तिच्या आत चौघांचे कुटुंब झोपवायचे म्हणजे मात्र कसरत होती. म्हणून बाजूला लावायचा तंबू आला, साठच्या दशकात वर उघडणारे छप्पर आले आणि त्याच्या कापडी भिंतींमध्ये मुलांची झोपायची सोय झाली. इंग्लंडमध्ये डेव्हन, डॉर्मोबिल, डॅनबरी अशा कारागीर कंपन्यांनी याच व्हॅनवर आपापल्या पद्धतीची अंतर्रचना बसवली. तिथल्या चहाबाज कुटुंबांनी स्टोव्हला दिलेले महत्त्व जर्मनांहून काकणभर जास्तच होते.

१९६७ च्या दुसऱ्या पिढीत पुढची दुभंगलेली काच जाऊन एकसंध वळणदार काच आली, सरकता दरवाजा सर्रास मिळू लागला आणि इंजिन १,५८४ घनसेंटिमीटर, ४७ अश्वशक्तीचे झाले. वेस्टफालियाच्या कॅम्परना अमेरिकेत मोठे गिऱ्हाईक होते. कित्येक अमेरिकी प्रवासी जर्मनीतच गाडी ताब्यात घेत, युरोप फिरत आणि मग ती बोटीने घरी पाठवत. याच काळात युरोपातले तरुण अशा गाड्या घेऊन इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर मार्गे दिल्लीला आणि पुढे गोव्यात अंजुन्याच्या किनाऱ्यापर्यंत येत होते. हा रस्ता १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांमुळे बंद झाला. सीमेवर दाखवण्याच्या कार्नेट या हमीपत्रामुळे गाडी परत बाहेर नेणे किंवा जकात भरणे भाग असे. त्यामुळे वाटेत ती मोडली तर सोडून देण्याची सोय नव्हती, दुरुस्ती करावीच लागे.

अशी दुरुस्ती मालकाला जमत असे याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. पाणी नाही, रेडिएटर नाही, थंडीत गोठण्याची भीती नाही. इंजिन गाडीला चार बोल्टांनी जोडलेले असे आणि जॅक असेल तर दोन माणसे ते अंगणात खाली उतरवू शकत. जॉन म्यूर या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्ये 'हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक लिहिले, तेच मुळी ज्याने कधी पाना हातात धरलेला नाही अशा वाचकासाठी. तोवर देखभालीची माहिती बहुतांशी मेकॅनिकपुरती असे. या पुस्तकाने ती स्वयंपाकघराच्या टेबलावर आणली.

कामे ठरलेली होती. दर ५,००० किलोमीटरला अडीच लिटर ऑइल बदलायचे. या इंजिनाला कागदी फिल्टर नव्हता, खाली फक्त तारेची जाळी होती, ती काढून पेट्रोलने धुवायची. जाळीत धातूचा चुरा सापडला तर बेअरिंग गेल्याची खूण समजायची. ऑइल इथे वंगणाइतकेच इंजिन थंड ठेवण्याचेही काम करते, म्हणून ते थोडे कमी असणेसुद्धा महागात पडे. त्याच वेळी टॅपेट पाहायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट मोजायची, तेही इंजिन पूर्ण गार असताना. दुसऱ्या पिढीच्या १,५८४ घनसेंटिमीटर इंजिनात फट ०.१५ मिलिमीटर ठेवली जाई. नवख्याला टॅपेटचा टकटक आवाज धोक्याचा वाटतो, पण तो फट जास्त असल्याचा असतो आणि त्याने लगेच काही बिघडत नाही. आवाज बंद होणे वाईट. व्हॉल्व्ह तापून लांबला की फट मिटते, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही आणि एक दिवस तो तुटून पिस्टनमध्ये घुसतो. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यासाठी कुप्रसिद्ध होता. ऑइल कूलर त्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कूलर बाजूला हलवला गेला तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली.

सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात निर्णायक वस्तू म्हणजे फॅनचा पट्टा. या इंजिनात थंड हवा मारणारा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसलेला असे. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागे. पण तो फक्त बॅटरीचा इशारा समजून गाडी पुढे दामटली तर काही मिनिटांत इंजिन भाजून निघे. म्हणून दिवा लागताच थांबायचे, हा नियम. पट्टा अंगठ्याने दाबला की साधारण १५ मिलिमीटर खाली जावा, जास्त गेला तर पुलीतली एखादी चकती काढून तो ताणायचा. जादा पट्टा नसलेली गाडी सहलीला निघतच नसे. १९७२ पासून वापरात आलेल्या मोठ्या, १,७०० घनसेंटिमीटरच्या इंजिनात पंखा थेट क्रँकशाफ्टवर गेला आणि ही काळजी मिटली, मात्र ते इंजिन मालकाच्या हाताला पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

दोन धोके याहून गंभीर होते. पेट्रोलची रबरी नळी वयाने कडक होऊन तडकते आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, तो एकदा पेटला की पाण्याने विझत नाही. चार-पाच वर्षांनी नळ्या बदलणे आणि अग्निशामक जवळ ठेवणे यावर जाणकार म्हणूनच भर देतात. दुसरा धोका हीटरचा. आत येणारी ऊब एक्झॉस्टच्या नळीभोवतालच्या कवचातून येते. ते कवच गंजून भोक पडले तर उबेबरोबर धूरही झोपलेल्या माणसांपर्यंत पोचू शकतो.

इंजिनापेक्षा गाडी संपवली ती गंजाने. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते दाराखालच्या पट्टीत, चाकांच्या कमानींत, बॅटरीखालच्या पत्र्यात साचते. पुढच्या काचेच्या रबराखाली आणि छपराच्या कडेच्या पन्हाळीत पाणी मुरते. कॅम्परला याशिवाय आतूनही ओल लागते, कारण चार माणसांचा श्वास आणि चहाची वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन उतरते आणि फर्निचरच्या मागे, जिथे कोणी पाहत नाही, तिथे बसते. वर उघडणारे छप्पर पावसात भिजले असताना मिटून ठेवले तर आठवड्याभरात कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कायमचे राहतात. म्हणून रविवारी रात्री घरी पोचल्यावर, कितीही दमले तरी, छप्पर उघडून वाळवणे हा कॅम्पर बाळगणाऱ्यांचा नेम झाला. पाण्याची टाकी हिवाळ्यापूर्वी रिकामी करणे, गॅसची नळी आणि जोड तपासून घेणे, दिवे-फ्रिजसाठी असलेली दुसरी बॅटरी चार्ज ठेवणे ही त्यानंतरची कामे.

१९७९ मध्ये आलेली तिसरी पिढी अधिक रुंद आणि चौकोनी होती. १९८२ पासून तिला पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन मिळाले. इंजिन मागेच राहिले पण रेडिएटर नाकाशी गेला, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून लांबच लांब नळ्या धावू लागल्या. कूलंट बदलताना गाडीचे तोंड जॅकने वर उचलून हवा काढावी लागे, नाहीतर रेडिएटरमध्ये हवेचा फुगा अडकून इंजिन तापे. चुकीचे कूलंट घातले किंवा ते वर्षानुवर्षे बदलले नाही तर सिलिंडर हेड आतून कुरतडले जाऊन रबरी सीलपाशी गळती लागे. साधेपणा गेला, पण या पिढीतली जागा, मोठी खिडकी आणि वेस्टफालियाची अंतर्रचना इतकी नेटकी होती की आजही कॅम्पर म्हणून सर्वांत सोयीची पिढी हीच, असे म्हणायला आधार आहे. १९८८ मध्ये तिच्यावरच कॅलिफोर्निया हे नाव आले.

१९९० च्या चौथ्या पिढीत इंजिन पुढे आले आणि गाडी मोटारीसारखी चालू लागली. ताशी १३० किलोमीटरने दिवसभर जाणे सहज जमू लागल्यामुळे शुक्रवार संध्याकाळचा पल्ला वाढला. देखभाल म्हणजे आता ठराविक किलोमीटरला टायमिंग बेल्ट बदलणे, आणि ते काम अंगणात करण्यासारखे नव्हते. वेस्टफालिया डेमलरक्रायस्लर या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेल्यावर फोक्सवॅगनने पाचव्या पिढीपासून, म्हणजे २००३ पासून, कॅलिफोर्निया स्वतःच्या हानोफर येथील कारखान्यात बनवायला घेतली. वरच्या दर्जाच्या गाडीचे छप्पर बटन दाबले की उघडू लागले. २०२४ मध्ये आलेली नवी कॅलिफोर्निया मल्टिव्हॅन या प्रवासी मोटारीवर बेतलेली आहे. सोमवारी तिच्यात सिमेंटची पोती भरावीत असे कोणाच्या मनातही येणार नाही, कॅम्पिंग बॉक्सचा हेतू तिच्या किमतीतच संपतो. करोनाच्या साथीत हॉटेले बंद झाली तेव्हा अशा गाड्यांची मागणी उसळली. एकट्या जर्मनीत २०२० मध्ये ७८ हजारांहून अधिक नव्या मोटरहोमची नोंदणी झाली.

दुसरी पिढी मात्र ब्राझीलमध्ये २०१३ च्या डिसेंबरपर्यंत बनत राहिली. २०१४ पासून एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाल्यामुळेच ती थांबली. इंग्लंडमध्ये डॅनबरीने या ब्राझिली गाड्या आणून त्यांचे कॅम्पर केले. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या मूळ अवस्थेतल्या वाहनांना १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाचा 'एच' नंबर मिळतो. त्यावर वर्षाला सुमारे १९१ युरोचा एकरकमी कर आहे आणि शहरांच्या प्रदूषण-नियंत्रित भागांत प्रवेशाची मुभा आहे. तपासणीत गाडीतले बदल तिच्या काळाला धरून आहेत का हे पाहिले जाते. त्यामुळे जुन्या मालवाहू व्हॅनमध्ये आजची एलईडी दिव्यांची, नव्या प्लायवूडची मांडणी बसवणाऱ्याला हा नंबर मिळणे अवघड जाते. तो हवा असलेले मालक त्या काळचे फर्निचर शोधत राहतात, आणि पन्नास-साठच्या दशकांतला एखादा धड कॅम्पिंग बॉक्स विक्रीला आला तर त्याला चांगलीच किंमत येते.