मेघसंचयातील संहिता : जतन, गोपन आणि सहलेखन



हस्तलिखित आणि छापील ग्रंथ यांनंतर संहितेचा आजचा मुक्काम म्हणजे मेघसंचय, अर्थात क्लाउड. ‘मेघ’ हे केवळ रूपक होय. प्रत्यक्षात आपला मजकूर दूरच्या केंद्रांतील संगणकांवर साठवलेला असतो आणि आंतरजालाद्वारे तो अनेकांना एकाच वेळी हाताळता येतो. गूगल डॉक्स हे याचे परिचित उदाहरण.

१. जुना प्रश्न

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी अनेकांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. या कार्याशी आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे नाव निगडित आहे. मूळ प्रत परचक्रात नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली, असे परंपरा सांगते. त्यामुळे ग्रंथाचे अनेक पाठ झाले. पुढे महानुभावांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या योजून ग्रंथ परक्या नजरेपासून राखले. जतन व गोपन साधले. परंतु कोणता शब्द कोणी, केव्हा बदलला, याची पूर्ण नोंद उरली नाही. पाठचिकित्सकाचे सारे कष्ट याच उणिवेतून उद्भवतात.

२. आजची व्यवस्था

मेघसंचयात मजकूर कूटबद्ध करून ठेवतात. ‘केवळ वाचन’, ‘टिप्पणी’ आणि ‘संपादन’ असे अधिकार व्यक्तीनुसार देता येतात. शिवाय बदलांचा आवृत्ती-इतिहास राहतो.

समजा, वलगाव परिसरातील वऱ्हाडी शब्द तुम्ही चौघे मिळून नोंदवीत आहात. एकाने ऐकला तसा ‘डोया’ लिहिला. दुसऱ्याने तो अशुद्ध समजून ‘डोळा’ केला. येथे ‘ळ’चा ‘य’ होणे हेच बोलीचे वैशिष्ट्य असल्याने पुरावाच पुसला गेला! आवृत्ती-इतिहासातून मूळ नोंद परत मिळते. मात्र संपादनाचा दुवा सर्वांस खुला ठेवल्यास बदल करणारा निनावी राहू शकतो. म्हणून संपादनाचा अधिकार नावानिशीच द्यावा. निवेदकांची नावे व खासगी तपशील वेगळ्या, मर्यादित धारिकेत ठेवावेत.

३. सारांश

साधन बदलाची नोंद ठेवते. तो बदल योग्य होता की नाही, हे अभ्यासकालाच ठरवावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पाठभेद आणि आवृत्ती-इतिहास यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
२. बोलीसंकलनात ‘शुद्धीकरण’ का टाळावे?