भिंतीवरचे चित्र, पुस्तकावरचे चित्र

मुखपृष्ठासाठी रंगवलेले चित्र निवडताना आधी अक्षरांची जागा पाहावी लागते. कुंचल्याचे जोरकस फटकारे, रंगांचे जाड थर, चेहऱ्यावर उतरलेली वेदना किंवा उन्माद असे भावनेने भारलेले चित्र भिंतीवर एकटे असते आणि सगळे लक्ष आपल्याकडे ओढून घेते. पुस्तकावर त्याला पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव सोबतीला घ्यावे लागते, तेही डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत. चित्र आडवे असेल तर दोन्ही बाजू कापल्या जातात आणि चित्रकाराने जपून साधलेला तोल तिथेच जातो.

म्हणून पहिली परीक्षा शांत जागेची. आकाश, सावली, रिकामी भिंत असा एखादा सलग रंगाचा पट्टा चित्रात हवा. तो नसेल तर प्रकाशक नावामागे पांढरी पट्टी टाकतात किंवा अक्षरांना जाड कडा देतात. अशी पट्टी म्हणजे चित्र चुकीचे निवडल्याची कबुलीच.

दुसरी परीक्षा अवघड आहे. चित्राचा भाव आणि पुस्तकाचा भाव यांचे नाते काय? कथेतला प्रसंग जसाच्या तसा रंगवला की वाचकाच्या कल्पनेला काम उरत नाही. उलट केवळ सुंदर म्हणून घेतलेले अमूर्त चित्र कोणत्याही कवितासंग्रहावर चालते, आणि तोच त्याचा दोष ठरतो.

या दोन्ही कसोट्यांवर उतरलेले गाजलेले उदाहरण १९२५ सालचे आहे. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या वेष्टनासाठी स्पेनमध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस क्युगाट या चित्रकाराने अपारदर्शक जलरंगात चित्र केले. गडद निळ्या रात्रीत एका स्त्रीचे डोळे आणि ओठ तरंगत आहेत. चेहऱ्याला बाह्यरेषा नाही. बुबुळांत छोट्या नग्न आकृती आहेत आणि खाली जत्रेसारखा दिव्यांचा लखलखाट. कादंबरीत असा प्रसंग कुठेच नाही, पण तिच्यातली हाव, झगमगाट आणि पोकळी मात्र चित्रात पुरेपूर आहे. मोठ्या निळ्या अवकाशामुळे अक्षरांनाही ऐसपैस जागा मिळाली. कादंबरी पूर्ण होण्याआधीच हे काम सुरू झाले होते. ते वेष्टन दुसऱ्या कुणाला देऊ नका, आपण ते पुस्तकात लिहून टाकले आहे, असे फिट्झजेराल्ड यांनी आपल्या संपादकाला कळवले होते. त्यांना नेमके काय म्हणायचे होते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्यांचे समकालीन लेखक हेमिंग्वे यांना मात्र हे वेष्टन भडक वाटले. त्यांनी ते काढून ठेवले आणि मग पुस्तक वाचले. आवडीनिवडीचा प्रश्न राहतोच, पण आज या चित्रावाचून ती कादंबरी डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे.

मराठीत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या मुखपृष्ठ-चित्रकारांच्या काळात चित्राप्रमाणेच पुस्तकाचे नावही हाताने रेखाटले जाई. अक्षरे चित्राचाच भाग म्हणून जन्माला येत. आता बहुधा तयार चित्र घेऊन संगणकावर त्यात नाव बसवले जाते, आणि पुष्कळ मुखपृष्ठांवर चित्र व अक्षरे एकमेकांना अनोळखी वाटतात त्याचे एक कारण हेच.

छपाईत आणखी काही हरवते. कॅनव्हासवरच्या जाड रंगाची खडबड कागदावर उमटत नाही, तिची फक्त सावली उमटते. झळाळता नारिंगी किंवा निळा चाररंगी छपाईत फिका पडतो. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर विसंबून न राहता कागदावरचे रंगीत प्रूफ पाहून निर्णय घ्यावा. एक सोपी चाचणी घरीही करता येते. नावासकट मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढे छापावे आणि हात लांब करून पाहावे. ऑनलाइन दुकानात ग्राहकाला ते साधारण तेवढेच दिसते. नाव वाचता आले आणि चित्रातला एक तरी ठळक आकार ओळखू आला, तर चित्र टिकले. नुसता रंगांचा काला दिसला, तर ते चित्र दिवाणखान्यात लावावे.

निवड झाल्यावर हक्कांचा कागद उरतो. चित्रकाराकडून तयार चित्र विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क सोपवायचा तर तो लेखी द्यावा लागतो. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हे संरक्षण लागू असते.