मद्यासक्त नातलग आणि घरातील लहान मूल

मूल वर्गात पेंगते, मधल्या सुटीत एकटे बसते, शाळा सुटली तरी घरी जाण्यास रेंगाळते. या खुणांमागे दारिद्र्य किंवा आजारही असू शकेल. म्हणून शिक्षकाने घाईने निष्कर्ष काढू नये. परंतु घरातील कोणी दारूच्या आहारी गेला असून मुलाची आजी किंवा मामा सल्ल्यासाठी शाळेत आल्यास काय सांगावे, याचा विचार येथे केला आहे.

मुलाचे रक्षण आणि व्यसनी माणसाचा उपचार ही दोन निरनिराळी कामे होत. उपचारास महिने लागतात व मध्यंतरी व्यसन पुन्हा उलटण्याचाही संभव असतो. मुलाला तितके दिवस थांबता येत नाही. यास्तव रक्षणाची व्यवस्था आधी करावी. नशेतील माणसाच्या स्वाधीन मूल करू नये. त्याच्या वाहनावर बसवू नये. तान्हे मूल त्याच्या अंथरुणात निजवू नये, कारण ते अंगाखाली गुदमरण्याचे भय असते. रात्री भांडण झाल्यास मुलाने कोणत्या घरी जावे, हे त्या घरच्यांशी बोलून आधीच ठरवावे.

त्या नातलगाशी सकाळी, तो शुद्धीवर असताना व मूल समोर नसताना बोलावे. दूषणे न देता घडले तेवढेच सांगावे: "काल रात्री पोर उपाशी निजले." मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावण्याची चाल घातक आहे. शपथ मोडली की दोष आपलाच, असे ते कोवळे मन समजते. मुलास पाळतीवरही ठेवू नये. दारू सुटत नाही यात त्याचा काहीही अपराध नाही, हे त्यास स्पष्ट सांगावे.

रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. कंप, झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्यातील मुक्तांगण ही १९८६ साली स्थापन झालेली संस्था असे उपचार करते. व्यसनमुक्तीविषयी १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा भरतात.

मारहाण किंवा हेळसांड होत असेल, तर अब्रूच्या भयाने गप्प राहू नये. १०९८ हा क्रमांक मुलांच्या साहाय्यासाठी अहोरात्र चालतो. प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढेही नेता येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे. मुलास दारू पाजणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

शिक्षकाने ही माहिती चारचौघांत बोलू नये. मुख्याध्यापकांस कळवावे, मुलाच्या हजेरीवर लक्ष ठेवावे आणि शाळेत तरी त्यास निर्भयपणे बसता येईल, असे पाहावे.