लेकरांच्या तोंडी भाषा
लेखांक ५ : कोर्लईच्या घरात

मागच्या लेखात आपण आदिलाबाद जिल्ह्यात होतो. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, दखनी सगळं कानावर पडतं. गोंडांच्या कथा गोंडीत गाणारे परधान घरी मात्र पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आले. मग इतक्या भाषा शेजारी नांदूनही तिथे नवी क्रिओल, म्हणजे अशा सरमिसळीतून घडून लेकरांची मायबोली झालेली भाषा, का जन्मली नाही? कारण त्या लेकरांना घरात एक सबंध भाषा मिळते. बाजारात कामापुरतं बोलून भागलं, तरी ते तुटक बोलणं कुणाची मायबोली होत नाही.

क्रिओलचं नेमकं उलट असतं. भिन्नभाषी माणसं एकत्र येतात, निभावण्यापुरती बोली तयार होते आणि तीच लेकरांच्या कानी पडत राहते. पापुआ न्यू गिनीतली टोक पिसिन पाहा. तिच्यात भविष्यकाळ सांगायला आधी ‘बाइम्बाइ’ असा लांबलचक शब्द होता. मोठ्यांच्या बोलण्यात तो ‘बाइ’ झाला. पुढे जी मुलं हीच भाषा बोलत वाढली, त्यांनी त्यावरचा जोरही काढून टाकला आणि तो क्रियापदाला लागून आलेला हलका प्रत्ययच वाटू लागला. भाषाशास्त्रज्ञ गिलियन सँकॉफ यांनी १९७०च्या दशकात हे टिपलं. व्याकरण घडतं ते असं, भरभर बोलणाऱ्या पोरांच्या तोंडी.

आपल्याकडचं उदाहरण रायगड जिल्ह्यातलं. चौलच्या खाडीकाठी कोर्लईत सुमारे हजार ख्रिस्ती माणसं पोर्तुगीज क्रिओल बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडलं, पण बोली राहिली, कारण घराघरांत आया लेकरांशी तीच बोलत होत्या. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी सरकलेलं. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर तिने ऊकारान्त क्रियापदांचा स्वतंत्र वर्गच उघडला आहे. कोर्लईचं मूल हा नियम कुणी न शिकवता उचलतं, जसं आपलं मूल ‘आला-आली-आलं’ उचलतं.

भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकर्टन यांनी १९८१ मध्ये मांडलं की क्रिओलचं व्याकरण मुलं उपजत घेऊन येतात. कोर्लई पाहता मला ते पुरतं पटत नाही. तिथे चहूकडे मराठी होती आणि मुलांनी तिच्यातूनही भरपूर घेतलं.

आज कोर्लईत शाळा मराठी आहे आणि १९६०च्या दशकापासून चर्चमध्येही पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. घर तेवढं उरलं आहे. म्हणून शिक्षकांना विनंती, मग ते रायगडचे असोत की आदिलाबादचे : पहिलीतलं मूल घरच्या बोलीत उत्तर देत असेल तर त्याला ‘नीट बोल’ म्हणून थांबवू नका. ते नीटच बोलत असतं.